वर भांडायचं नाही

माहावालच्या धक्क्याला सहलीची बोट लागते तेव्हा आमच्या भाड्याच्या गाड्यांना आत सोडत नाहीत. आत बोटीच्या कंपनीच्या बसगाड्या आणि बाहेर धुळीच्या मैदानात आम्ही. आमच्याकडे यायचं तर प्रवाशाला चांदीच्या दुकानांची रांग आणि पोपटांचे पिंजरे ओलांडावे लागतात. शिवाय "बाहेरच्या गाडीनं गेलात तर बोट चुकेल, मग बसा रडत" ही आतल्या लोकांची धमकी ऐकून घ्यावी लागते. एवढं करून जे बाहेर येतात ते हट्टी असतात, नाहीतर भांडखोर. मला त्याचं काही वाटत नाही. गाडी घेण्याआधी मी बकलारच्या दवाखान्यात नर्स होते. अशी माणसं मी पुष्कळ उलथीपालथी करून पुसली आहेत.

त्रेविन्यो नवरा-बायको त्या दिवशी भांडतच फाटकाबाहेर आले. ती मोंतेर्रेची माणसं, आमच्याच देशातली, पण उत्तरेची. तो, एवारिस्तो, दोन माणसांच्या आकाराचा होता. मान उन्हानं लाल झाली होती आणि शर्ट पाठीला चिकटला होता. ती, इमेल्दा, बारीक, आखूड केसांची, काळा चष्मा लावलेली. किनाऱ्यावर कुजलेल्या शेवाळाचा वास सुटला होता आणि त्यासाठीही तो तिलाच बोलत होता.

माझ्या गाडीकडे बघून तो म्हणाला, "चालते ना ही, की ढकलायची?"

"चढावर ढकलावी लागते. तुम्ही अंगानं बरे आहात, काम होईल."

इमेल्दा हसली. त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं हसू अर्ध्यावर गिळलं.

"जिथं कोणी जात नाही असं काही दाखवा," तो म्हणाला. "त्या बसवाल्यांच्या मागं मेंढरासारखं फिरायला मी नाही आलो. इमेल्दा, टोपी कुठंय माझी?"

"डोक्यावर नसेल तर बोटीवर."

"एक काम सांगितलं होतं तुला."

"तू एकच सांगतोस. दिवसभर."

मी त्यांना नोहतुनच्या जुन्या पडक्या देवळांकडे न्यायचं ठरवलं. खरं तर तिथं मी फारसं कोणाला नेत नाही. हमरस्ता सोडून पांढऱ्या चुनखडीच्या वाटेनं जंगलात शिरावं लागतं. दोन्ही बाजूंनी चेचेमची झाडं आहेत. त्यांच्या काळ्या चिकाचा थेंब अंगावर पडला तर कातडी भाजल्यासारखी सोलून निघते, म्हणून काचा बंद ठेवायच्या. गाडीत उकडत होतं. मागच्या बाकावर दोघं दोन टोकांना बसली होती आणि खड्डा आला की तो मला शिव्या देत होता.

वाटेच्या शेवटी साखळी आहे आणि साखळीशेजारी झापांच्या छपराखाली एर्मिलोमामाचा जाळीचा झुला. मामा म्हणजे माझ्या आईचा चुलतभाऊ. सरकारनं त्याला राखणीला ठेवलाय. कोणी आलं तर तो उठत नाही, एक पाय जमिनीला लावून झुला थांबवतो, एवढंच स्वागत.

"वर भांडायचं नाही," तो त्रेविन्योला म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे भांडायचं नाही. खाली येऊन इथं हवं तेवढं भांडा."

"का हो, तुमचे देव जागे होतात?"

"देवांचं मला ठाऊक नाही. मी होतो."

"मग तशी पाटी लावा," त्रेविन्यो म्हणाला. "लिहिता येत असेल तर."

मामानं दातातली काडी या गालातून त्या गालात केली. साखळी मीच उचलली.

तीन टेकाडं आहेत नोहतुनला. दोन अजून मातीखालीच आहेत. तिसऱ्याला पायऱ्या आहेत आणि माथ्यावर छप्पर पडलेली एक खोली. खोलीमागं तीन बाजूंनी भिंत घातलेलं लहानसं अंगण आहे. खालून फक्त पायऱ्या दिसतात. दोघं चढून गेली आणि दिसेनाशी झाली. मी गाडीच्या सावलीत बसले. गोमाश्या सोडत नव्हत्या, एक हाकलली की दुसरी चावत होती.

वरून आवाज यायला लागले. आधी नुसता सूर, मग शब्द. तो तिच्या आईवर घसरला होता. ती त्याला म्हणत होती की घरी गेल्यावर ती वेगळी राहणार आहे, तिनं ठरवलंय. तो हसला. मग तिचा आवाज आला, बारीक आणि स्पष्ट, "मग राहा इथंच."

त्याबरोबर जंगलातली किड्यांची किरकिर बंद पडली. रोग्याजवळचं यंत्र कोणी बंद केलं की खोली जशी होते, तशी हवा झाली. मामानं पाय जमिनीला लावला.

इमेल्दा एकटीच उतरून आली. गाडीत बसून ती बाटलीभर पाणी प्यायली.

"येईल तो," ती म्हणाली. "कुठं जातोय."

तो आला. सावकाश, हात अंगाशी धरून, एकेक पायरी बघत. मी उठून उभी राहिले ते त्याचा शर्ट बघून. मघाशी पिळून काढावा इतका भिजलेला शर्ट आता कोरडा होता. कॉलर ताठ होती. चेहऱ्याची लाली गेली होती. गोमाश्या माझ्या मानेवर होत्या, मामाच्या पायावर होत्या, त्याच्या अंगावर एकही नव्हती.

तो झुल्यापाशी थांबला. "मघाशी मी उगाच बोललो, काका. मनावर घेऊ नका."

मामा झुल्यातून उठला. पाहुण्यासाठी तो उठलेला मी कधी पाहिला नव्हता. उठला आणि दोन पावलं मागं सरकला.

"इमेल्दा, पाणी प्यायलीस ना?" तो म्हणाला. "एवढ्या उन्हात तुला बोलायला लावलं मी."

तिनं चष्मा काढला. त्याच्याकडे बघत राहिली.

मला वाटलं, ऊन लागलं. ऊन डोक्यात गेलं की घाम थांबतो, माणूस भलतंच बोलतो. मी त्याचं मनगट धरलं. तापाच्या माणसाचं लागतं तसं ते लागलं नाही, गार होतं. नाडी मात्र नीट होती. मी ठोके मोजायला गेले आणि लक्षात आलं की ती माझ्याच नाडीच्या ठेक्यावर चालली आहे. मला भीती वाटली, माझं काळीज धडधडायला लागलं, तशी बोटाखाली त्याची नाडीही धडधडायला लागली. तो माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसला.

मी हात सोडला. तो गाडीत चढला. सकाळी तो चढला तेव्हा गाडी त्याच्या बाजूला कलली होती. आता पायरीनं करकर केली नाही, की टायर दबला नाही.

तेवढ्यात वरून हाक आली.

"इमेल्दा."

त्याचाच आवाज. घोगरा, संतापलेला.

"इमेल्दा, कुठं मेलीस? ओ बाई, गाडी न्यायची नाही. मी वर आहे."

मामानं माझ्याकडे बघितलं. इमेल्दानं पायऱ्यांकडे बघितलं. गाडीतला माणूस पट्टा लावत होता. त्यानं मान वळवली नाही.

मी पळत वर गेले. खोलीत कोणी नव्हतं. मागच्या अंगणात पडलेली पानं होती आणि एक सरडा. आवाज डाव्या भिंतीमागून येत होता. मी तिला वळसा घातला, तर पलीकडे टेकाडाची सरळ उतरंड होती, उभं राहायला जागा नव्हती. आता आवाज अंगणातून येत होता. मी परत अंगणात आले. "त्रेविन्यो, कुठे आहात तुम्ही?" मी विचारलं. "आंधळी आहेस का?" आवाज म्हणाला, अगदी जवळून. मी भिंतीवर तळवा टेकला. रोग्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला बोलायला सांगितलं की छातीतला आवाज हाताला लागतो. तसा लागला.

खाली गाडीचा भोंगा वाजला.

वाजतच राहिला.

मी उतरले तेव्हा इमेल्दा माझ्या जागेवरून वाकून भोंगा दाबत होती.

"चला," ती म्हणाली. "बोट सुटेल."

"तुमचा नवरा वर आहे."

"माझा नवरा गाडीत बसलाय." मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात, "त्यानं मला आजवर पाणी विचारलं नव्हतं, बाई. एकदाही."

मामानं साखळी खाली टाकली. मी गाडी वळवली. मागून हाक येत होती ती चेचेमची झाडं संपेपर्यंत ऐकू आली.

धक्क्याच्या फाटकावर पहारेकऱ्यानं दोघांची ओळखपत्रं चेहऱ्याशी ताडून पाहिली आणि आत सोडलं. मी पोलीसचौकीत गेले. एक माणूस जंगलात राहिलाय, मी म्हणाले. त्यांनी बंदरात विचारलं. बोट भरली होती, कोणी कमी नव्हतं. हवालदारानं मला नारळपाणी दिलं आणि उन्हात फिरत जाऊ नका म्हणाला.

मामा आणि मी त्या आठवड्यात रोज वर गेलो. दोऱ्या नेल्या, पहारी नेल्या. भिंत हाताएवढ्या जाडीची निघाली, आत दगडाशिवाय काही नव्हतं. आवाज पुढं कमी झाला. भर दुपारी तेवढा यायचा, तोही शिव्या देत.

पुढच्या हिवाळ्यात ती बोट परत आली. फाटकातून इमेल्दा बाहेर पडली आणि मागून तो, दोघांच्या पिशव्या खांद्यावर, तिच्या डोक्यावर छत्री धरून. ती वाळली होती. गाडीत ती माझ्याशेजारी पुढं बसली.

"नोहतुन," ती म्हणाली.

आम्ही चुनखडीच्या वाटेला लागलो. मग ती एकदम म्हणाली, "मी ताटं फोडली. त्याच्या अंगावर कॉफी फेकली. तो काचा गोळा करतो आणि विचारतो, तुला लागलं तर नाही ना. मुलगा म्हणतो, बाबा सुधारले. रात्री मी कूस बदलली की तोही बदलतो. मी श्वास रोखून बघितला." ती थांबली. "तोही रोखतो."

आरशात तो मागं बसला होता, हात मांडीवर ठेवून. सगळं ऐकत होता आणि त्याला कशाचंच वाईट वाटत नव्हतं.

मामानं साखळी काढायला नकार दिला. "फुकट वेळ घालवू नका. जा परत."

"मी त्याला आणायला आलेय," इमेल्दा म्हणाली. "जसा आहे तसा माझा आहे तो." आणि साखळी ओलांडून चालायला लागली.

मी तिच्यामागं निघाले. मामानं माझा दंड धरला, दुखेल असा. "तू नाही."

"मामा, सोड. ती एकटी आहे."

"म्हणून तर. आता मला तुझ्याशी भांडायला लावू नकोस इथं."

गाडीची काच खाली आली. "तुम्ही त्रास करून घेऊ नका," मागच्या बाकावरून तो म्हणाला. "येईल ती."

मी गाडीपासून लांब जाऊन उभी राहिले.

वरून आवाज आला. "इतके दिवस कुठं होतीस?"

"तुझ्यासाठीच आलेय ना."

"कोणी बोलावलं होतं?"

ती हसली. खूप दिवसांनी मनासारखं हसायला मिळालेली बाई हसते तशी. मग रडली. मग भांडायला लागली. त्याच्या आईपासून सुरुवात केली.

किड्यांची किरकिर थांबली.

मामानं माझा दंड सोडला.

इमेल्दा उतरून आली. एकेक पायरी बघत. काळा चष्मा हातात होता आणि इतक्या उन्हात तिचे डोळे मिटत नव्हते.

"तुम्हाला ताटकळत ठेवलं, ताई," ती मला म्हणाली. मामाला तिनं वाकून नमस्कार केला.

वर भांडण चालूच होतं. दोघांचंही.

मी गाडी चालवली. दुसरं काय करणार होते. ती दोघं मागं बसली, हातात हात घेऊन. मी आरशात बघितलं नाही. माझा श्वास जोरात चालला होता आणि मागून दोन श्वास तसेच जोरात येत होते. मी तो आवरून धरला, तशी गाडीत शांतता झाली.

फाटकापाशी दोघं उतरली. ती माझ्या खिडकीपाशी आली. तिचा आवाज मऊ झाला होता.

"पुढच्या वेळी आमच्या धाकट्या मुलीला आणू," ती म्हणाली. "फार चिडकी आहे पोर. तिला बरं वाटेल इथं."