राजीचा औषधाचा डबा

हे घडलेलं आहे. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. मी रसायनशास्त्राची पदवीधर. पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहितेय.

१९६३चा जानेवारी. बेंगळुरूच्या कॉटनपेटेतली एक गल्ली. पहाटेचं धुकं.

खोलीत एक खाट, दोन कांबळी, एक चूल, आणि फळीवर औषधाच्या चौदा पुड्या, दिवसाला एक. चौदाही दोऱ्यानं बांधलेल्या. एकाही पुडीची गाठ सुटलेली नव्हती.

म्हणजे पंधरवडाभर परसूला गोळ्या दिल्याच नव्हत्या.

परसू पाच वर्षांचा. त्याला क्षय होता. मी दवाखान्यातून अशा मुलांच्या घरी जायची, न कळवता. त्यांची लघवी तपासायला. आदल्या दिवशी गोळ्या पोटात गेल्या असतील, तर रसायनाचे दोन थेंब टाकताच ती जांभळी होते. नसतील तर नाही.

"कसलं काम हे, बाई!" परसूची आई, भागीरथीबाई, चुलीशी बसून म्हणाली. "एवढं शिकून लोकांची लघवी हुंगत फिरताय. लग्न कोण करणार तुमच्याशी?"

"गोळ्या का नाही दिल्या?"

तिनं फुंकणी उचलली.

"राजीनं एकही चुकवली नव्हती. तरी गेली ना?"

राजी म्हणजे परसूची मोठी बहीण. दहा वर्षांची. दवाखान्यात आणली तेव्हाच क्षय मेंदूपर्यंत पोचला होता. दसऱ्यानंतर ती गेली. तिला पुरलं, तेव्हा उरलेल्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा आईनं तिच्या उशाशी ठेवला. तिकडे खोकला आला तर असावा, म्हणून.

मी नमुना घेतला. थेंब टाकले...

जांभळा. गडद जांभळा.

ॲस्पिरिननंही असा रंग येतो. विचारलं. घरात नव्हती. दुसरी नळी घेतली.

तोच रंग.

"परसू, गोळी कोण देतं रे तुला?"

"अक्का."

"कुठली अक्का?"

"आमची राजीअक्का. तिच्या डब्यातली देते. कडू आहे म्हटलं तर स्वल्प पाणी पण देते."

त्याच्या ओठाच्या कडेला काहीतरी चिकटलं होतं. मी बोटानं पुसलं.

ओली, तांबडी माती.

तेवढ्यात खाटेच्या मागून आवाज आला... पत्र्याचं झाकण उघडल्याचा.

मग खोकला. बारीक, लहान मुलीचा.

खाटेच्या मागे भिंत होती. नुसती भिंत.

भागीरथीबाई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आली का?" तिनं विचारलं. "तुम्हालासुद्धा ऐकू येतं? मला नाही येत हो. मी रोज जागते. आई असून मला एकदाही नाही..."

मी नळी खाली ठेवली.

"खरं सांगू? म्हणूनच पुड्या सोडत नाही. मी द्यायला लागले, तर ती कशाला येईल?"

"डब्यात किती गोळ्या होत्या?"

"तळाला होत्या थोड्या."

"त्या संपल्या की परसूचं काय?"

ती उठली. पुडी घेतली. गाठ सुटेना. शेवटी दातानं दोरा तोडला.

"घे रे, राजा."

परसूनं आधी भिंतीकडे पाहिलं.

"अक्का, तू जा. आई देतेय."

आणि गोळी गिळली.

झाकण लागलं... अगदी सावकाश.

"काय म्हणाली?" भागीरथीबाईनं त्याला गदागदा हलवलं. "सांग की रे! थंडी वाजते म्हणाली का? जेवली का ती?"

"काही नाही म्हणाली. गेली."

भागीरथीबाई खाटेच्या मागे शिरली आणि त्या भिंतीला गाल लावून बसली. मी निघाले तेव्हाही ती तशीच होती. परसू तिच्या पदराशी खेळत होता.

पुढे त्या घरी मी पुष्कळदा गेले. मातीचं काय, ते मी कुणाला विचारलं नाही. ते बोट मात्र अजूनही मी पुन्हा पुन्हा धुते.

लहान मुलं बेडका गिळतात, म्हणून वर्षानं परसूच्या पोटातलं पाणी नळीनं काढलं आणि त्यात क्षयाचे जंतू वाढतात का ते पाहायला प्रयोगशाळेत ठेवलं. आठ आठवड्यांनी निकाल आला.

वाढ नाही.