तिसरी चकती

टॅमरॅक लेकच्या काठच्या रिसॉर्टमधला सत्तावीस नंबरचा प्लॉट बघायला ऑरिन वोइट आणि त्याची बायको नोला मे महिन्यात गेले, तेव्हा झाडांच्या सावलीत अजून मळका बर्फ शिल्लक होता. प्लॉट म्हणजे काय, तर चाकांवरचं घर उभं करायला काँक्रीटचा ओटा, विजेचा आणि पाण्याचा खांब, अवजारांची शेड, दोन बर्चची झाडं आणि समोर सरळ तळं. आधीचा मालक गुडघ्यांना कंटाळून मुलीकडे ॲरिझोनाला गेला होता आणि त्याचा जुना कॅम्पर, म्हणजे ते चाकांवरचं घरही प्लॉटबरोबर मिळत होतं. ऑरिनने सवयीप्रमाणे सगळं ठोकून, हलवून बघितलं. तीस वर्षं शाळेच्या बस दुरुस्त केलेला माणूस तो, दुसऱ्याच्या शब्दावर त्याचा विश्वास बसत नसे. छत गळत नव्हतं, टायर बरे होते, उंदरांनी वायरी कुरतडल्या नव्हत्या.

"घेऊ या," नोला म्हणाली.

ऑरिन तिच्याकडे बघतच राहिला. मिनेसोटात राहून पाणी टाळायचं म्हणजे केवढा खटाटोप! पण अकरा वर्षं नोलाने तो केला होता. पुलावरून जावं लागू नये म्हणून ती गावाला वळसा घालून दुकानात जायची. आणि आज तळ्याच्या तोंडावरची जागा तिने स्वतः हुडकून काढली होती.

"नक्की?"

"अरे, घेऊ या म्हटलं ना."

अकरा वर्षांपूर्वी, अशाच एका तळ्यावर, भाड्याच्या केबिनसमोर त्यांची लिनिया बुडाली. आठ वर्षांची होती. नोला सामान आणायला गावात गेली होती, पोरीजवळ ऑरिन होता. नोला परत आली, तिने विचारलं, लिनिया कुठंय? बोटीच्या इंजिनात डोकं घातलेला ऑरिन म्हणाला, "आत आहे. झोपलीय." झोपलेल्या पोरीला उठवू नये म्हणून नोला दोन तास बाहेर बसून राहिली. ते दोन तास कुणीच लिनियाला शोधलं नाही.

तू खरंच आत जाऊन बघितलं होतंस का? एवढा एकच प्रश्न होता. नोलाने तो कधी विचारला नाही आणि ऑरिनने उत्तर दिलं नाही. ती त्याच्यासाठी स्वयंपाक करायची, त्याचे कपडे धुवायची, वाढदिवसाला केक आणायची. ऑरिनला वाटायचं, एकदा तरी हिने ताट फेकून मारावं, घर डोक्यावर घ्यावं. ती फक्त विचारायची, "आणखी बटाटे हवेत?"

त्यामुळे त्याने प्लॉट घेतला. तिने चंद्र मागितला असता तरी त्याने शिडी शोधली असती.

कागदपत्रं रिसॉर्टच्या ऑफिसात झाली. तिथली कारभारीण आर्डिस, सत्तरी ओलांडलेली, हडकुळी बाई. गळ्यात दोरीला शिट्टी. तिने एक अर्ज पुढे सरकवला.

"घरात माणसं किती, नावं आणि वयं लिहा. चकत्या बनवायच्यात."

नोलाने लिहिलं. ऑरिनने वाकून बघितलं, तर तीन नावं होती. आर्डिसने अर्ज वाचला.

"मुलगी कधी येणार?"

"येईल," नोला म्हणाली.

चकत्यांची भानगड त्याला शेजारच्या मर्लने समजावली. अठ्ठावीस नंबरचा हा मर्ल म्हणजे पोट सुटलेला, अखंड बडबड्या माणूस. पोहायच्या धक्क्याशी छोट्या छपराखाली एक फळा होता आणि त्यावर खिळ्यांना लाकडी चकत्या टांगलेल्या होत्या. प्रत्येकीवर डागून कोरलेलं नाव, एक बाजू पांढरी, एक लाल.

"पाण्यात उतरताना लाल करायची, बाहेर आलं की पांढरी. पोहणं असो, बोट असो, गळ टाकणं असो. संध्याकाळी सहा वाजता आर्डिस फळा वाचते. एक जरी लाल दिसली तरी घंटा! मग तोंडातला घास टाकून सगळ्यांनी पाण्यात. हात धरून साखळी करायची आणि काठाकाठानं शोधायचं."

"सापडलंय कुणी?"

"मीच सापडलोय तीनदा. गावातल्या बारमध्ये!" मर्ल पोट धरून हसला. "विसरणाऱ्याला रविवारी सगळ्यांसाठी पॅनकेक करावे लागतात. माझे खाऊन बघ, पुन्हा कुणी मला चकती विसरू देत नाही." मग त्याने आवाज थोडा खाली आणला. "एक मात्र लक्षात ठेव, लेका. दुसऱ्याच्या चकतीला हात लावायचा नाही. बायकोच्यासुद्धा. ज्याची त्यानेच फिरवायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑरिन कॉफीचा मग घेऊन धक्क्यावर गेला. ऑरिन पांढरी, नोला पांढरी. लिनियाची चकती लाल होती.

त्याला वाटलं, नोलाने केलं असणार. बिचारी, दुसरं काय! इकडेतिकडे बघून त्याने चकती पांढरी केली.

तिसऱ्या दिवशी लाल. चौथ्या दिवशी लाल.

जूनमध्ये नोला बहिणीकडे डुलुथला चार दिवस गेली. चारही सकाळी चकती लाल होती. ऑरिनने खिळा तपासला, वाऱ्याची दिशा बघितली, एक दिवस तर झाडाखाली खुर्ची टाकून पहाटेपासून फळ्यावर नजर ठेवली. कुणी फिरकलं नाही. मर्लने हाक मारली म्हणून त्याने मान वळवली, परत बघितलं तर लाल. शेवटी त्याने पांढरी बाजू वर ठेवून चकतीच्या मधोमध स्क्रू मारला. फळ्यात बोटभर आत गेला. दुसऱ्या दिवशी चकती लाल बाजूने होती आणि स्क्रू तसाच घट्ट, त्याचं डोकं लाल रंगावर चमकत होतं. ऑरिन बसची अख्खी इंजिनं खोलून जोडणारा माणूस. त्याने तो स्क्रू काढला, खिशात टाकला आणि चकती पांढरी केली.

मग ते त्याचं रोजचं कामच झालं. सहाच्या आत जायचं आणि पांढरी करायची. नोला पुन्हा जेवायला लागली होती. मर्लच्या बायकोबरोबर पत्ते खेळायची, संध्याकाळी पाण्यात पाय सोडून धक्क्यावर बसायची. एकदा तर ती गुणगुणतसुद्धा होती. घंटा वाजली असती, माणसं धावली असती, हे सगळं मोडलं असतं. ऑरिनला ते मोडायचं नव्हतं.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी धक्के काढतात. तळं गोठायच्या आत ते सगळे लाकडी धक्के ओढून काठावर रचायचे, पाण्याच्या नळ्यांत न गोठणारं गुलाबी औषध भरायचं आणि वसंतापर्यंत कुलूप. छातीपर्यंत येणाऱ्या रबरी विजारी चढवून सगळी मंडळी पाण्यात उभी होती. फळाही त्याच दिवशी उतरवतात. दुपारी तीनच्या सुमारास ऑरिन हळूच तिकडे गेला. चकती लाल होती. त्याने ती फिरवली.

"कुणाची ती?"

मागे आर्डिस उभी होती.

"आमच्या मुलीची."

"बाहेर आली ती?"

ऑरिनने चकतीवरचा हात काढला.

"ऑरिन, ती बाहेर आली का?"

"आर्डिस, ती अकरा वर्षांपूर्वी गेली. मी स्वतः पुरलीय तिला."

"मी ते नाही विचारलं."

वाऱ्याने चकत्या एकमेकींवर आपटत होत्या. आर्डिसने फळ्याकडे बघितलं, पण हात लावला नाही. "तू फिरवलीस, आता तूच लाल कर. किती दिवस करतोयस हे?"

"मे महिन्यापासून."

"रोज?"

हा आवाज नोलाचा होता. ती कधी येऊन उभी राहिली ते त्याला कळलंच नव्हतं. हातात मर्लच्या बायकोने दिलेला सुपाचा डबा होता.

"रोज, ऑरिन? ती रोज सांगत होती, मी पाण्यात आहे, आणि तू रोज म्हणत होतास, ती आत आहे, झोपलीय?"

त्याने चकती लाल केली.

आर्डिसने घंटा वाजवली. धक्के, दोर, हातोड्या टाकून माणसं गोळा झाली, तीसएक म्हातारे-म्हाताऱ्या, नाकं लाल झालेली.

"सत्तावीस नंबर," आर्डिस म्हणाली. "लिनिया वोइट. वय आठ."

कुणीही काही विचारलं नाही. नोलाला कुणीतरी रबरी विजार दिली. मर्लने टोपी काढली, झाडाला अडकवली आणि हात पुढे केला.

साखळीत सगळ्यात उंच माणूस खोल पाण्याच्या टोकाला असतो. ती जागा ऑरिनची. त्याच्या डाव्या हातात नोलाचा हात होता. उजवा हात मोकळा, पाण्याखाली.

ते हळूहळू चालू लागले. पायांनी तळ चाचपायचा, एक पाऊल, मग थांबायचं. पाणी इतकं गार की पाच मिनिटांत बोटं बधिर झाली.

बर्चच्या झाडांसमोर आल्यावर ऑरिनच्या उजव्या हातात एक हात आला.

लहान होता आणि ऊबदार होता. पांघरुणातून नुकत्याच उठलेल्या पोराचा असतो तसा.

ऑरिनने खाली बघितलं नाही. त्याची तेवढी हिंमत झाली नाही.

"नोला," तो म्हणाला.

"हं."

"मी त्या दिवशी आत गेलो नव्हतो. दारापर्यंतसुद्धा नाही. झोपली असेल असं मला वाटलं, म्हणून तसंच सांगितलं."

नोला एक पाऊल चालली, थांबली.

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. तू मान वर न करता बोललास ना." तिचा आवाज फाटला. "मी विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. मग मी तुझ्याजवळ राहिले नसते रे. मला कुणाजवळ तरी राहायचं होतं."

ती रडायला लागली. मोठमोठ्याने, तोंड उघडं टाकून, सगळ्यांदेखत. ऑरिनही रडला. पण त्याने दोन्ही हात सोडले नाहीत.

शिट्टी वाजली. साखळी काठाकडे वळली.

लहान हात बरोबर आला. कमरेएवढं पाणी, मग गुडघ्याएवढं. घोट्याशी पाणी आलं तेव्हा तो हातातून निसटला, पोरं घाईत असली की निसटतात तसा.

काठावर सगळे फळ्याकडे पाठ करून उभे राहिले. तशी रीत आहे. ज्याची त्याला फिरवू द्यायची, बघायचं नाही.

मागे लाकडावर लाकूड आपटल्याचा बारीक आवाज आला.

आर्डिस वळली. तिने फळा वरपासून खालपर्यंत वाचला, कुठेही न अडखळता.

"सगळ्या पांढऱ्या," ती म्हणाली. "चला, सूप गार होतंय."

त्यांनी साडेचारला तळं सोडलं. कॅम्पर हिवाळ्यासाठी तिथेच राहिला. पिकअपची पुढची सीट सलग, तीन माणसांची. नोला अगदी दाराला चिकटून बसली. मधल्या सीटचा पट्टा तिने ओढून घेतला, काळजीपूर्वक अडकवला आणि बाहेर बघत राहिली. दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली टॅमरॅकची झाडं मागे जात होती. ऑरिनला कितीतरी वर्षांनी श्वास मोकळा येत होता. आपण रडलो याची त्याला लाजही वाटत नव्हती.

"हळू घे जरा," नोला पुटपुटली. "झोपलीय."

या वेळी ऑरिनने मान वळवून बघितलं.

मधली सीट रिकामी होती. तिच्यावरून गेलेला पट्टा मात्र ताणलेला होता आणि संथपणे, एका लयीत, वर-खाली होत होता.