विंगेतली खुर्ची

पुंजारामनं घराला कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि मुकुंदवाडीच्या नाक्यावरून शेअर रिक्षा धरली. खिशात सुरेखाची छोटी बॅटरी होती, काचेवर निळं फडकं बांधलेली. आत सेल नव्हते. ते त्यानं उन्हाळ्यातच काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले होते.

सुरेखा, त्याची बायको, एका हौशी मंडळात प्रॉम्प्टर होती. डाव्या विंगेत खुर्चीवर बसून, बॅटरीच्या निळ्या उजेडात, अडलेल्या नटांना वाक्यं द्यायची. तिची रीत ठरलेली. आधी पहिला शब्द. नाही उचलला तर पुन्हा तोच शब्द. तरीही नाही, तर पूर्ण वाक्य. नटांनाही सवय झाली होती. विंगेतून आलं की बोलून टाकायचं, विचार करायचा नाही. शेवटचं वाक्य बोललं गेल्याशिवाय ती बॅटरी विझवत नसे.

पुंजाराम पहिल्या रांगेत डाव्या टोकाला बसायचा. नाटकातलं त्याला फार कळत नसे. तिची कुजबुज तेवढी ऐकू यायची.

ती होळीच्या सुमारास गेली. शेवटी तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. आत तिचे ओठ हलले, परत तसेच हलले. "काय म्हणती?" त्यानं वाकून विचारलं. तेवढ्यात नर्सनं त्याला बाहेर काढलं. तेव्हापासून रोज दाढी करताना तो आरशासमोर तसे ओठ हलवून बघायचा. पाणी. घर. देव. काहीच जुळत नव्हतं. तेवढं एक कळलं असतं, तर पुढचं काही कळायची त्याला गरज नव्हती.

औरंगपुऱ्यामागच्या छोट्या थिएटरच्या पायरीवर दिग्दर्शक तात्यासाहेब उभे होते. शेजारच्या गाड्यावरून समोशाच्या तेलाचा वास येत होता.

"या पुंजारामभाऊ. आज घोरू नका बरं का. मागच्या खेपेला वहिनी नटांना वाक्यं देत होत्या का तुम्हाला उठवत होत्या, तेच कळंना."

पुंजाराम हसला नाही. त्यानं बॅटरी पुढं केली. "ही मंडळाकडंच ठेवा."

"खुर्चीवर ठेवतो. आज तिथं कुणी बसणार नाय. पोरांना म्हटलं, पाठ करा, वहिनींची जागा रिकामी राहू द्या."

तिसरी घंटा झाली. पडदा अडखळत उघडला. नाटक साधंच होतं. बायकोला परगावी नोकरी लागते आणि नवरा तिला निरोप देतो. गोकुळ नवरा झाला होता, श्रेया बायको.

थोड्याच वेळात गोकुळ अडला. पंख्याच्या कटकटीखालून एक शब्द आला. गोकुळनं तो उचलला आणि पुढं गेला. पुंजारामला वाटलं, बसवलं असेल कुणाला तरी. पण त्यानं कान विंगेकडंच लावले.

मध्यंतरात तो आत गेला.

"तात्यासाहेब, तिथं कोण बसलंय?"

"कुठं? चला, बघा."

विंगेत खुर्ची होती. खुर्चीवर बॅटरी आणि शेवंतीचं फूल. गोकुळ घाम पुसत आला. "सर, वाक्य एकदम टायमावर आलं बरं का! कोण होतं?"

"तुझा आजा," तात्यासाहेब म्हणाले. "जा, पाणी पी."

पण त्यांनीही खुर्चीकडं पुन्हा एकदा पाहिलं.

दुसरा अंक सुरू झाला. डाव्या विंगेत, खाली, एक निळा ठिपका दिसत होता. पुंजारामनं डोळे चोळले. ठिपका तिथंच होता.

शेवटचा प्रवेश. श्रेया बॅग घेऊन दारात उभी राहिली. 'पोचले की फोन करते,' एवढंच तिला म्हणायचं होतं. सुरेखा असताना तिच्यासोबत तालमीला येऊन पुंजारामनं ते कितीदा ऐकलं होतं. ती अडली.

"अहो..." विंगेतून आलं.

श्रेयानं तो उचलला नाही.

"अहो..."

मग पूर्ण वाक्य आलं, आणि सवयीनं श्रेया ते मोठ्यानं बोलून गेली.

"अहो, मला एकटीला पाठवू नका."

पुंजारामचे ओठ आपोआप हलले. आरशात हलवायचा तसे. प्रत्येक शब्द जागेवर बसला.

गोकुळ श्रेयाकडं बघत राहिला. हे वाक्य नाटकात नव्हतं. उजव्या विंगेत तात्यासाहेबांनी कपाळाला हात लावला. मागं कुणीतरी खोकलं.

"थांब..." विंगेतून आलं.

गोकुळनं ऐकलंसुद्धा नाही.

"थांब..."

आवाजाचं तोंड रंगमंचाकडं नव्हतं. पहिल्या रांगेकडं होतं, डाव्या टोकाला.

पुंजारामनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

पूर्ण वाक्य आलं.

तो उठला. जन्मात कधी चार माणसांसमोर बोलला नव्हता, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"थांब. मी येतो."

नाटकातलंच असेल असं वाटून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

डाव्या विंगेतला निळा उजेड विझला.