वाकड्या मानेचा पक्षी

पणजोबा दीपगृहाचे राखणदार. बेटावर आले ते आजारी बायको आणि तिच्या दुधासाठी शेळ्यांची एक जोडी घेऊन. दीपगृह बंद पडल्यावर आजोबांनी त्या जोडीचा कळप केला, आणि ‘शेळीवाले’ हे नाव घराण्याला कायमचे चिकटले. वडिलांच्या हयातीत कळपाने झुडूप न् झुडूप ओरबाडून खाल्ले, उघडी पडलेली माती समुद्राला मिळाली, आणि ज्यांच्या कलकलाटाने एके काळी पणजोबांची झोपमोड होत असे, ते मिठपंखी पक्षी बेटाकडे पाठ फिरवून निघून गेले. वडील अबोल गृहस्थ. शेवटच्या आजारात मात्र त्यांनी मुलाचा हात धरून सांगितले, “आपण या बेटाचं देणं लागतो.” ते फेडायचे कसे, हे सांगायला आयुष्याने त्यांना सवड दिली नाही.

मुलाने आपल्या परीने वाट शोधली. पक्षी परत आणण्यासाठी एका संस्थेने प्रकल्प काढला होता, त्यात तो राखणदार म्हणून लागला. शेळ्या त्याने एकेक करून खाडीपलीकडे पोहोचवल्या, उतारावर झुडपे लावली, आणि फावल्या वेळात लाकडाचे मिठपंखी कोरून, करडी पाठ नि पांढरे पोट रंगवून, ते झुडपांपाशी मांडले. पक्षी ओसाड जागी उतरत नाही. आपल्यातले चार जण निवांत बसलेले दिसले, की मगच त्याचा जीव भांड्यात पडतो. माणसांचे तरी निराळे काय असते! होडीवाले त्याला पाखऱ्या म्हणू लागले, आणि शेळीवाल्यांच्या मुलाला त्या नावाचा अभिमान होता.

एका सकाळी, उन्हातच भुरभुर पाऊस पडत असताना, पाखऱ्या उतारावर गेला आणि थबकला. एक अनोळखी तरुणी ओल्या गवतावर पालथी पडून दुर्बिणीतून पाहत होती. केसांत पेन्सिल खोचलेली, कोपर चिखलाने माखलेले.

“शूऽऽ... खाली बसा,” मान न वळवता तिने फर्मावले. “उडतील ना!”

आपल्याच बेटावर आपल्यालाच दटावणारी ही कोण...? तरी तो निमूट बसला.

“लाकडी वगळून नऊ,” ती कुजबुजली. “आणि तो नववा बघा... वारा सुटलाय तरी ढिम्म हलत नाही. किती धीट!”

“धीट कसला... सागवानी आहे तो.”

“म्हणजे?”

“म्हणजे मीच तासलाय त्याला. पटाशी निसटली आणि मान वाकडी झाली.”

तिने दुर्बीण खाली घेतली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “बाकीचे मी बरोबर ओळखले होते हं! पण याची मान... लाकडाला इतका जिवंत आळस कुठून आला?”

“चुकला म्हणूनच जिवंत दिसतो,” तो हसला. “पण तुम्ही एक लाकडी खऱ्यात धरलात. तुमच्याकडे एका खऱ्या पक्ष्याचं येणं निघतं.”

“उधारीवर चालेल?”

“माणूस बघून देतो आम्ही उधारी.” तो उठून उभा राहिला, तशी उतारावरची खरी पाखरे भर्रकन उडाली. उरले ते लाकडी. “काळजी नको. येतील परत. माझी सवय आहे त्यांना.”

ती उडालेल्या पक्ष्यांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही राखणदार. आणि मी तपासनीस... प्रकल्प चालू ठेवायचा की गुंडाळायचा, ते ठरवायला आलेय.”

पाखऱ्याचे हसू मावळले. प्रकल्प गुंडाळला, की बेट कोणाच्या घशात जाणार हे त्याला ठाऊक होते. हॉटेल बांधू पाहणारी मंडळी पलीकडच्या किनाऱ्यावर जागेचे नकाशे घेऊन तयारच होती.

आईने तपासनीसबाईंचे स्वागत आपल्या रीतीने केले. “तपासायला आलीस ते कळलं. आधी चहा घे. उपाशी माणसाचा न्याय कडू होतो.”

“काकू, चहाने मी फितणार नाही.”

“चहाने फितलीस तर माझ्या मुलाच्या लायकीची नाहीस,” आई म्हणाली. पाखऱ्याला ठसका लागला.

पुढचे दिवस उतारावर गेले. ती मातीची खोली मोजी, तो टेप धरी. ती झुडपांची नावे विचारी, तो मुद्दाम एखादे चुकीचे सांगे, आणि ती पकडी तेव्हा त्याला विलक्षण आनंद होई. “तुम्ही” कधी गळून पडले ते दोघांनाही कळले नाही. झुडपे जोमदार होती, पाखरे उतरत होती, जोड्या जमत होत्या... पण पिल्लू एकही नाही. दर हंगामात अंडी फुटत, नासत, नाहीशी होत.

“सगळं तर केलंय मी,” पाखऱ्या म्हणे. “काय राहिलं, ते तूच शोध.”

एका दुपारी तिने बेटाच्या मागची बाजू पाहायची म्हटले.

“तिकडे काय आहे? कडा कोसळून पायवाट गेली. माझं तिथे एक झुडूप नाही, एक लाकडी पक्षी नाही.”

“तरी बघू या ना...”

होडीवाल्या काकांनी वळसा घालून होडी कड्याखाली नेली. कपारींवर पांढरे ओघळ होते, आणि प्रत्येक कपारीत करड्या लवेचे गोळे चोची वासून बसले होते.

“पिल्लं!” पाखऱ्याने तिचे मनगट पकडले. “अगं, पिल्लं आहेत ती! बघितलंस?” तो उभाच राहिला, तशी होडी डुगडुगली.

“अरे बाबा, आनंद जमिनीवर जाऊन कर,” काका ओरडले. “माझी होडी म्हातारी आहे!”

ती मात्र हसली नाही.

“इथे राखण कोण करतं?” तिने हळूच विचारले.

“कोणी नाही. इथे माणसाला पाय ठेवायलाच...” आणि तो थांबला. वल्ह्यावरून पाणी ठिबकत राहिले.

“उतारावर तू रोज जातोस,” ती म्हणाली.

“लाकडी पक्षी वाऱ्याने पडतात, ते उभे करायला. झुडपांना पाणी घालायला. पाखरं उडतात, पण परत येतात!”

“येतात रे. पण तेवढ्यात अंड्यावर ऊन पडतं... नाहीतर खेकडा पोचलेला असतो.”

“म्हणजे शेळ्यांनी केलं तेच मी केलं?”

“शेळ्यांना पाखरांची माया नव्हती. तुला आहे... म्हणून तर सांगतेय.”

तिचे मनगट अजून त्याच्या हातात होते. ते त्याने सोडले.

खरे-खोटे पडताळायचे, म्हणून त्याने उतारावर पाऊल टाकायचे नाही असे ठरले. त्या महिन्यात पाखऱ्याने घराच्या उंबरठ्यावर बसून इतके लाकूड तासले, की आई म्हणाली, “आता घराचे वासे तेवढे शिल्लक ठेव.” ती रोज होडीतून दुरूनच उतार न्याहाळी. एका संध्याकाळी ती धक्क्यावरून धावत आली. ओठ हसत होते, आणि डोळे भरून आले होते.

“झुडपाखाली पिल्लू आलंय. पहिलं.”

तो हसला, आणि हसता हसताच त्याने तोंड फिरवले. या एका पिल्लाचा अर्थ काय, हे दोघांनाही समजले होते.

चहाचे पेले पुढ्यात घेऊन तिघे बसली. ती पेल्यातच पाहत बोलली, “मी असंही लिहू शकते, की उतारावर बंदी घाला, पण घर राहू द्या...”

“ते खरं आहे का?” आईने विचारले.

“नाही, काकू. घर आलं की दिवा आला, उष्टं आलं, उंदीर आले. बेट मोकळंच हवं. प्रकल्प चालेल, हॉटेल होणार नाही... पण इथे कोणीच राहायचं नाही.”

आईची नजर भिंतींवरून फिरली. याच घरात ती सून म्हणून आली होती, आणि याच दारातून नवऱ्याला निरोप दिला होता.

“मग अर्धं लिहू नकोस. अर्धकच्चा भात कोणाच्याच पोटाला चालत नाही,” ती म्हणाली. “चार पिढ्या पाहुणचार झाला. यजमानाने ऊठ म्हणायच्या आत पाहुण्याने उठावं, त्यात मान असतो.” मग थोडे थांबून, “आता दुसरं विचारते. माझा मुलगा तुला आवडतो?”

“आई!” पाखऱ्या ओरडला.

“तू गप्प बस. तुझं उत्तर महिनाभर घरात भुसा होऊन पडलंय.”

“आवडतो,” ती म्हणाली. “पण मी या घरची झाले, तर हॉटेलवाले म्हणतील, पिल्लं सूनबाईंनी कागदावर काढली. संस्थेने बेटासाठी केलेल्या कराराची अटच आहे तशी... तपासणाऱ्याचा राखणदाराच्या घराशी संबंध जुळला, की तपासणी रद्द. आणि करार तीस वर्षांचा आहे, तोवर ही अट सुटत नाही.”

आईने तिच्या पेल्यात आणखी चहा ओतला आणि आत निघून गेली. एवढा हुकमी आवाज असलेली ती बाई आतल्या खोलीत बराच वेळ भांडी लावत राहिली.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर ती दोघेच होती. वारा पडला होता.

“तीस वर्षांनी काय...” तो म्हणाला, “चष्मे लावून मोजू पाखरं.”

“तेव्हा तर मी सगळीच लाकडी खऱ्यात धरीन.”

दोघेही हसली, आणि हसणे फार लवकर संपले.

“तू नको म्हणालास, तर नाही लिहिणार मी,” ती एकदम म्हणाली. “खरंच. एकदा म्हणून बघ...”

त्याला मोह झाला. एक शब्द, आणि घर राहिले असते, कदाचित तीही... त्याने उताराकडे पाहिले.

“लिही,” तो म्हणाला. “आवडतं म्हणून रोज उठून जवळ जायचं, हे करून पाहिलं मी. त्यात अंडी नासतात.”

तिने मान खाली घातली. “एक मागू? लाकडी पक्षी काढून नेशील तेव्हा तो वाकड्या मानेचा तेवढा राहू दे. मला खूण.”

“राहू दे. आणि तुझ्याकडचं ते येणंही राहू दे. देणेकरी माणूस परत येतो म्हणतात.”

हंगाम संपल्यावर घर उतरवले गेले. दारांच्या चौकटी होडीत चढल्या, कौले चढली. शेवटी आई चढली, ताठ मानेने. तिने मागे वळून पाहिले नाही. पाखऱ्याने पाहिले.

पुढच्या हंगामात ती शेवटच्या पडताळणीसाठी आली. नंतर तिची नेमणूक फार दूरच्या समुद्रावर व्हायची होती. काकांचे हात थकले होते, त्यांची होडी आता पाखऱ्याच वल्हवत असे. बेटापासून बऱ्याच अंतरावर, जिथून पुढे जायचे नाही असे ठरले होते तिथे, त्याने वल्ही वर घेतली. काका टोकाला बसून पैलतीराकडे पाहू लागले, आणि ते मुद्दाम पाहत होते.

तिने दुर्बीण त्याच्या हातात दिली. “आपला वाकड्या मानेचा दिसतो?”

“दिसला. रंग उडालाय बिचाऱ्याचा.”

“त्याच्या डाव्या अंगाला बघ...”

झुडपाच्या सावलीत एक मिठपंखी बसली होती, लाकडी पक्ष्याला अगदी खेटून. तिने पंख जरासा उचलला, आणि त्याखालून करड्या लवेचे एक डोके बाहेर आले.

“नीट पाहून घे,” ती म्हणाली. “सागवानी नाही. माझ्याकडचा एक खरा पक्षी... पोचता झाला.”

“आणि आमच्या घराण्याकडचं?”

तिने फक्त हाताने उताराकडे दाखवले. संध्याकाळ कलत होती, आणि पणजोबांनी पाहिले असतील तसे थवेच्या थवे समुद्रावरून परतून उतारावर उतरत होते. शेळीवाल्यांचे घर जिथे उभे होते, तिथेही उतरत होते. त्यांचा कलकलाट होडीपर्यंत ऐकू येत होता.

वर्षभर पाखऱ्याने एक वाक्य जपून ठेवले होते. एका पक्ष्याने भागत नाही, अजून येणे बाकी आहे, असे काहीसे. ते ओठांपर्यंत आले... आणि त्याने ते गिळले.

त्याने दुर्बीण परत केली. तिचा पट्टा क्षणभर दोघांच्याही बोटांत राहिला. मग तिने तो अलगद सोडवून घेतला.

“फिटलं,” तो म्हणाला. “तुझंही आणि आमचंही. पूर्ण फिटलं.”

आणि पैलतीरावरून सुटणारी तिची बोट चुकू नये म्हणून त्याने वल्ही पाण्यात घातली.