आठ फेऱ्यांची जागा

ही घटना घडलेली आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं, फक्त नूरीनसमोर हसू नये. ती माझी मैत्रीण. तिनं सांगितलं तसं लिहितेय, पदरचा मसाला घातलेला नाही.

गेल्या जानेवारीतला शनिवार. माधवनगर. वेळ दुपारी साडेचारची.

हो, दुपारीच. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती, पिंपळ तर आसपास कुठंच नव्हता.

होतं ते सुताचं एक बंद गोदाम. आणि भिंतीपलीकडे यंत्रमागांची खटखट. ती खटखट माधवनगरात दिवसभर चालू असते. इतकी, की तिथल्या माणसांना ती ऐकूच येत नाही. थांबली तरच कान टवकारतात.

त्या गोदामात नूरीनच्या ग्रुपची प्रॅक्टिस चालायची.

नूरीनचे अब्बा बँडवाले. क्लॅरिनेट वाजवायचे. मुलीला वरातीत नेता येईना, म्हणून घरात बसवून शिकवलं. धाकटा भाऊ अश्फाक ट्रम्पेटवर. अब्बांच्या माघारी जॅझचं खूळ घरात आणलं ते त्यानंच. पद्धत साधी होती. आधी बांधलेली चाल सगळ्यांनी मिळून वाजवायची. मग मोकळं सुटायचं. ज्याची पाळी त्यानं तालाच्या आठ फेऱ्या मनाला येईल ते वाजवायचं. सगळ्यांच्या पाळ्या झाल्या की परत चालीवर. एकदम, एका ठोक्याला.

"नवरदेव घोड्यावरनं उतरून नाचतो आणि परत घोड्यावर बसतो ना, तसं," अश्फाक सांगायचा. "फक्त परत येईपर्यंत घोडा जागेवर पाहिजे."

ड्रमवर बिरदेव. कवठे महांकाळचा, फौजेच्या बँडमधून रिटायर झालेला. बास गिटारवर सांगलीची उत्कर्षा. चौघांचं छान जमलं होतं.

मग लोणंदच्या रस्त्यावर अश्फाकची मोटरसायकल घसरली.

त्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर उरलेले तिघं गोदामात जमले. त्याचीच शेवटची चाल काढली. वाजवत वाजवत त्याच्या पाळीशी आले... आणि कुणाचा हातच पुढं जाईना.

तेव्हा नूरीन म्हणाली, "त्याच्या आठ फेऱ्या रिकाम्या सोडू. कुणी काही वाजवायचं नाही. मनात मोजायचं, आणि नवव्याला चालीवर यायचं."

सोळा सेकंद. एवढीच ती जागा.

चूक झाली ती इथं.

* * *

त्या शनिवारी नूरीनची अम्मी, जैनब चाची, नेहमीसारखी थर्मास घेऊन आली. मुलगा गेल्यापासून ही बाई रडली नव्हती. घरात कुणाशी धड बोलत नव्हती. पण शनिवारची प्रॅक्टिस एकही चुकवत नव्हती. नूरीनला वाटायचं, चला, तेवढंच मन रमतं.

चाचीनं चार कप चहा ओतला. वाफाळता.

"आवं अम्मी, एवढी एक चाल वाजवतो, मग पितो," बिरदेव म्हणाला. "सात मिन्टं."

"वाजवा, वाजवा," चाची म्हणाली. तिनं डोक्यावरची ओढणी नीट केली. केसांना तेल लावून आली होती. सणाला लावतात तसं.

चाल झाली. उत्कर्षाची पाळी झाली. नूरीनची झाली. बिरदेवची झाली.

मग ती जागा आली.

तिघांनी हात खाली घेतले. मनात मोजलं... एक... दोन... तीन...

आठ.

नवव्याला तिघं बरोबर चालीवर आले. सुईच्या टोकाइतकीही चूक नाही.

शेवटचा सूर संपला आणि पाठोपाठ असरची अजान सुरू झाली.

नूरीननं बिरदेवकडे बघितलं. पाचला होणारी अजान आत्ता कशी?

तिनं चहाचा कप उचलला.

गार होता. वर जाड साय धरली होती.

"उत्कर्षा, रेकॉर्डिंग लावलं होतंस ना? किती मिनिटांचं झालंय?"

उत्कर्षानं मोबाईल बघितला. परत बघितला.

"एकोणतीस."

"न्हाई हो! सात मिन्टांची चाल हाय," बिरदेव म्हणाला. "ताई, वीस वर्सं फौजेत मोजलंय मी. माझं मोजणं चुकत न्हाई."

"तुझं नाही चुकलं रे..." नूरीन म्हणाली.

चाची रिकामा थर्मास घेऊन केव्हाच घराकडे निघाली होती. पावलं हलकी पडत होती. माहेरी जाऊन आलेल्या बाईसारखी.

उत्कर्षानं जुनी रेकॉर्डिंग्ज उघडली. पहिल्या शनिवारी ती जागा सोळा सेकंदांची होती. पुढच्याला एक मिनिट. मग चार. मग नऊ.

आज बावीस.

तिघांनी मोबाईल मध्ये ठेवला. कान लावले.

बिरदेवची पाळी संपली... आणि सगळं थांबलं.

सगळंच.

पलीकडचे मागसुद्धा.

आज भिंतीपलीकडचे माग एकदाही बंद पडले नव्हते. आताही खटखट चालूच होती. पण मोबाईलमध्ये... काही नाही. तिघांचे श्वाससुद्धा नाहीत.

दोन मिनिटं गेली. मग चाचीचा आवाज आला. अगदी रोजचा.

"आलास?"

...

"बारीक झालास रे."

...

"नाही, नूरीनला नाही सांगितलं. ती घाबरते. लहानपणापासून तशीच आहे."

आणि चाची हसली. अश्फाक गेल्यापासून नूरीननं ते हसणं ऐकलं नव्हतं.

समोरून कुणाचा आवाज नाही. फक्त मध्ये मध्ये गप्प जागा. उत्तराला लागेल तेवढीच.

वीस मिनिटं हेच. शेजारपाजारच्या गोष्टी, गुडघ्याचं दुखणं, हिरव्या मिरचीचं लोणचं. आणि अगदी शेवटी...

"येते की. मला इथं कोण बांधून ठेवलंय? पुढच्या वेळी येते तुझ्याबरोबर."

बिरदेवनं मोबाईल उलटा करून ठेवला.

"ताई, येत्या शुक्रवारी साताऱ्याच्या कार्यक्रमात तीच चाल हाय."

* * *

घरी नूरीननं अम्मीला विचारलं. वाटलं होतं, नाही म्हणेल, रागावेल.

चाची भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू जागा सोडतेस म्हणून तर येतो बिचारा. तुझे उपकार आहेत."

"अम्मी, तो गेला. आपण माती दिली त्याला."

"मला माहीत नाही का?" चाचीनं देठ मोडला. "तुम्ही तिघं त्या वेळी कसे बसलेले असता ठाऊक आहे? डोळे उघडे. पापणी हलत नाही. पहिल्यांदा मीच भ्याले होते."

नूरीन मला म्हणाली, त्या रात्री तिनं पहिल्यांदा भावाचा राग केला. जिवंतपणी कधी केला नव्हता.

चाल गाळावी, असं उत्कर्षाचं मत पडलं. चाचीला घरीच ठेवावं, असं बिरदेवचं. पण चाचीनं साफ सांगितलं, "ती चाल नाही वाजवलीत तर मी त्या गोदामात जाऊन बसेन. एकटी बसेन. वाट बघत."

म्हणजे डोळ्यांसमोर असलेली बरी.

नूरीननं ठरवलं. चाल वाजवायची. जागा सोडायची नाही. स्वतःची पाळी शेवटी घ्यायची आणि तशीच पुढं ओढायची, अश्फाकच्या आठ फेऱ्यांवरून, थेट चालीपर्यंत.

आपल्या हातानं भावाला दार लावायचं, असंच होतं ते. लावलं नाही तर आई जाणार होती.

* * *

सातारा. लहानसा हॉल, संध्याकाळचे सहा, शंभरेक माणसं. चाची पहिल्या रांगेत. शेजारच्या खुर्चीवर तिनं रुमाल टाकून ठेवला होता, एस.टी.त टाकतात तसा. एक गृहस्थ बसायला आले, तर म्हणाली, "माणूस यायचंय."

चाल झाली. उत्कर्षा झाली. बिरदेव झाला. नूरीनच्या आठ फेऱ्या सरत आल्या.

सात...

आठ...

ती थांबली नाही.

आणि क्लॅरिनेट जड झालं. ती सांगते, पाण्याखाली फुंकल्यासारखं. शेजारी उत्कर्षाचा हात तारेवर होता, पण तार हलत नव्हती. बिरदेवची काठी वर उचललेली, खाली येत नव्हती. शंभर माणसं, डोळे उघडे.

एकही पापणी हलत नव्हती.

फक्त नूरीन वाजवत होती.

आणि पहिल्या रांगेतून चाची उठत होती. तिनं सावकाश चपला घातल्या. पिशवी खांद्याला लावली. बाजूच्या दाराकडे बघून हसली.

दारात कुणी नव्हतं. म्हणजे नूरीनला तरी कुणी दिसलं नाही.

ती वाजवत राहिली. जे आठवेल ते. वरातीतलं, अब्बांचं, अंगाईतलं, नुसते सूर. किती वेळ ते तिला आजही सांगता येत नाही. ओठ फाटला. रक्त हनुवटीवर आलं. चाची दोन पावलं चालली... थांबली... वळली. तिनं नूरीनकडे बघितलं, ते बघणं नूरीन विसरू शकत नाही. राग नव्हता त्यात. कीव होती.

मग चाची परत येऊन खुर्चीत बसली.

बिरदेवची काठी खाली आली. चाल.

टाळ्या पडल्या. लोकांच्या हिशेबी नूरीननं सोळा सेकंद जास्त वाजवलं होतं.

परतीला बिरदेव गाडी चालवत होता. कराड मागं पडलं. नूरीन ओठाला रुमाल लावून बसली होती. आई शेजारी आहे, अंग ऊन आहे, एवढंच चाचपत होती.

"अम्मी, रागावलीस?"

"नाही गं," चाची म्हणाली. "त्यानं गेल्या शनिवारीच सांगितलं होतं. म्हणाला, साताऱ्याला आपा मला जागा देणार नाही."

...

"म्हणाला, मग मी घरीच येतो."

बिरदेवनं रेडिओ लावला. मोठ्यानं.

* * *

तेव्हापासून नूरीन घरात शांतता होऊ देत नाही. टीव्ही चालू, नळ चालू, नाहीतर स्वतः गुणगुणत असते. जेवतानासुद्धा बोलते. माझ्याशी फोनवर बोलताना श्वास घेते तोही घाईघाईनं.

मी तिला म्हटलं, "अगं, अशी किती दिवस आवाज करत राहणार? काही झालंय का त्यानंतर?"

"दिवसा काही नाही," ती म्हणाली.

"मग?"

"शेवटी मला झोप लागतेच ना गं."

आणि मग, अगदी हळू...

"सकाळी उठते तेव्हा अम्मी डोक्याला तेल लावून बसलेली असते. इतकी खूश असते, की विचारायची हिंमत होत नाही."