रिकाम्या बर्फाकडून येणारा पडसाद

मार्चचं लख्ख ऊन पडलं होतं आणि फिनलंडमधल्या ओउलू बंदराच्या धक्क्यापुढचा समुद्र नजर पोचेल तिथवर गोठलेला होता. धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत हिल्क्का हेडफोन लावून बसली होती. तिचा जुना सहकारी आउलिस गाडी घेऊन बर्फावर गेला होता आणि तिथून बिनतारी यंत्रावर बोलत होता. त्याचा आवाज शेकडो बारीक लहरींवर वाटून यायचा. थोडा सरळ यायचा, थोडा गोदामांवर आणि जहाजांवर आपटून उशिरा यायचा, आणि सगळ्याचा नुसता काला व्हायचा. छपरावर आठ अँटेना ओळीने लावून नको त्या दिशेला कान बंद करायचे, ही युक्ती हिल्क्काची. आयुष्याची कमाई म्हणा ना! त्यावरचा निबंध उद्या दोघांच्या नावाने परिषदेला जायचा होता.

"ऐकतेयस ना गं, की डुलकी लागली?"

"तू गप्प बसलास तर लागेल!"

तिने एकेक पडसाद बुजवला. एक मात्र हटेना. तो रिकाम्या बर्फाकडून येत होता. तिकडे ना जहाज, ना खांब, मग आवाज आपटणार कशावर? तिने तारा तपासल्या, जोडण्या पुन्हा आवळल्या. शेवटी वैतागून सरळ येणारा आवाज डाव्या कानात घेतला आणि तो पडसाद उजव्या.

"काय रे, निबंधावर माझंच नाव पहिलं ना?" तिने सहज विचारलं.

"म्हणजे काय! तुझंच," डाव्या कानात आउलिस म्हणाला.

"तुझं नाव मी सोमवारीच काढलं," उजव्या कानात आउलिस म्हणाला, त्याच हसऱ्या आवाजात.

असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी ती नव्हती. तिने परिषदेच्या कचेरीत फोन लावला.

"निबंध सोमवारीच आलाय," तिथली बाई म्हणाली. "एकट्या आउलिस यांच्या नावाने."

हिल्क्काने फोन आपटला. केसाने गळा कापला की मेल्याने! ज्याला घासातला घास दिला, त्यानेच!

आउलिस यंत्र बंद करून आत आला आणि त्याने कॉफी ओतून घेतली.

"गेला का तुझा तो भुताटकीचा पडसाद?"

"गेला."

"गेलेला नाही," उजव्या कानात आवाज आला. हिल्क्काचाच. "याला नदीच्या मुखाकडे पाठव. तिथला बर्फ आतून पोकळ झालाय."

तिने त्याच्या कपात अजून थोडी कॉफी ओतली.

"आउलिस, अजून एकदा जातोस? या वेळी नदीच्या मुखाकडे."

"तिकडे बर्फ गाडी पेलेल ना गं?"

"पेलेल की," ती म्हणाली. आणि उजव्या कानातून काही यायच्या आत तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.