पाणी उतरेपर्यंत

अंधेरीच्या त्या प्रसूतिगृहात सोनोग्राफीचं मशीन येऊन सहा महिने झाले होते. साल शहाऐंशी. पडद्यावरच्या करड्या धुरळ्यात बाळाचे अवयव ओळखायला डॉक्टर वसुधा आता सरावली होती.

वर्सोव्याची कमळ सातव्या महिन्यात आली. सांगितल्याप्रमाणे पोटाला तडस लागेपर्यंत पाणी पिऊन, सोबतीला सासू कृष्णाबाई. बाळाच्या डाव्या मूत्रपिंडात पाणी तुंबलेलं दिसलं. अठरा मिलिमीटर. वसुधाने समजावलं, की पाण्याची वाट कुठेतरी अरुंद असावी. पुष्कळ बाळांचं आपसूक निवळतं, काहींचं मूत्रपिंड कायमचं जातं. म्हणून दर आठवड्याला मोजायचं.

पुढच्या आठवड्यात पाच भरलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा अठरा. मग पुन्हा पाच. वेळ तीच, दुपारी बाराची. वसुधाने मशीन तपासून घेतलं. इतर बायकांची मापं चोख येत होती.

कृष्णाबाई मासळीची टोपली बाजूला ठेवत म्हणाली, "बाय, पुनवेला भरलं, अष्टमीला उतरलं. अवसेला भरलं, अष्टमीला उतरलं. आमच्या खाडीचंबी असंच हाय."

वसुधा हसली. कीर्तनात बुवांनी ही कथा लावली असती तर तिनेही मान डोलावली असती; पण इथे हातात कागदावरचं माप होतं. घरी जाऊन तिने कॅलेंडर उघडलं. समोरचा चहा गार झाला.

पुढच्या अवसेला सकाळी मुलगा झाला.

बाळाला लघवी होईना. अकरा वाजता ओटीपोटात गोळा हाताला लागला. बाराला सर्जन सुई घालून पाणी काढायच्या तयारीत आले. कोवळा जीव; थांबण्यात धोका, टोचण्यातही.

कृष्णाबाई दारातून म्हणाली, "साडेबाराला भरतीचं पानी फिरंल. तवर थांबा."

वसुधाने सर्जनकडून अर्धा तास मागून घेतला. कारण काय सांगितलं, ते तिला पुढे कधीच आठवलं नाही.

साडेबारा झाले. काही नाही.

बारा पस्तीसला बाळाने पाय झाडले आणि सर्जनचा कोट भिजला. सगळे हसले, कमळ रडली. वसुधाने मनोमन पांडुरंगाला हात जोडले.

संध्याकाळी मीरा सिस्टर बाळाचं वाळलेलं दुपटं घेऊन आली. पापडासारखं कडक. घडीघडीत मिठाचा पांढरा थर.

"धुवायला टाक," वसुधा म्हणाली.

"दोनदा धुतलंय, मॅडम."